हा नाच करायची परवानगी कोणी दिली?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की पहिल्याच पानावर एक प्रश्न लिहावा लागतो. माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: ‘आधुनिक प्रशिक्षणामुळे ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल नृत्याचं पारंपरिक रूप किती टिकलं?’ मी एम.एस्सी. करून इतिहासाकडे आलेली. त्यामुळे सवय अशी की आधी किती होतं, नंतर किती उरलं, फरक काढा, कारण शोधा. मार्गदर्शक बाईंनी मसुदा वाचला आणि समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: ‘कोणाचं नृत्य?’ मला वाटलं बाईंनी घाईत वाचलंय. उत्तर तर प्रश्नातच आहे की! ॲबोरिजिनल लोकांचं.

हे उत्तर का चालत नाही, हे कळायला माझं जवळजवळ एक वर्ष गेलं. तुमचं तेवढं वर्ष वाचावं म्हणून हा लेख लिहितेय. विषय आहे एका तरुण ॲबोरिजिनल नर्तकाचं प्रशिक्षण आणि त्याची स्वप्नं. पण तुमचा विषय नृत्य नसला, वनस्पतिशास्त्र किंवा पाणी-व्यवस्थापन असला, तरी शेवटपर्यंत वाचा. हा प्रश्न तिथेही येणार आहे.

आधी ‘नृत्य’ म्हणजे काय ते पाहू

१७८८ मध्ये ब्रिटिशांनी सिडनीच्या बंदरात पहिली वसाहत उभारली तेव्हा त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. नाचाचंही तसंच. ‘ॲबोरिजिनल नृत्य’ नावाची एकच एक गोष्ट नव्हती आणि आजही नाही. उत्तरेला टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे लोक तर स्वतःला ॲबोरिजिनल म्हणवतच नाहीत. त्यांचे नाच वेगळे, ढोल वेगळे. नाचताना डोक्यावर चढवायचा त्यांचा ‘धारी’ नावाचा मुकुट आज त्यांच्या ध्वजावर आहे.

उदाहरण म्हणून ईशान्य आर्नहेम लँडमधले योलंगू लोक घेऊ. त्यांच्या जगाचे दोन अर्धे आहेत, धुवा आणि यिरिचा. माणसं, प्राणी, झाडं, पाणवठे, जमिनीचे तुकडे, गाणी, प्रत्येक गोष्ट या दोनांपैकी एका अर्ध्यात मोडते. लग्न दुसऱ्या अर्ध्यातच करायचं. प्रत्येक कुळाची स्वतःची जमीन असते आणि त्या जमिनीशी बांधलेली गाणी, चित्रं आणि नाच असतात. गाण्याला ‘बिल्मा’ या लाकडी टिपऱ्यांचा ताल आणि ‘यिडाकी’ या लांब पोकळ वाद्याची साथ असते. गुडघे वाकवलेले, शरीर जमिनीकडे झुकलेलं, पाय वाळूत आपटणारे. पण हे झालं बाहेरून दिसणारं. आतली गोष्ट अशी, की हा नाच कोणी नाचायचा हे जन्माने आणि नात्याने ठरतं. आईच्या कुळाच्या गाण्या-नाचाबद्दलही माणसावर जबाबदाऱ्या असतात. बाहेरच्याने तो नाच करायचा असेल तर योग्य माणसाकडे जाऊन विचारावं लागतं.

म्हणजे नाच येणं आणि नाच करण्याचा अधिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. माझ्या मसुद्यात पहिलीच होती.

ज्यांचा नाच, त्यांनाच मनाई

आता इतिहासात थोडं मागे जाऊ. क्वीन्सलँडमध्ये १८९७ साली ॲबोरिजिनल लोकांच्या ‘संरक्षणा’चा कायदा आला. त्या कायद्याने सरकारला जे नियम करायचे अधिकार दिले, त्यात एक असा होता: मंत्र्याला जे विधी आणि रूढी लोकांच्या हिताला बाधक वाटतील त्यांवर बंदी घालणं. लोकांना त्यांच्या जमिनीवरून उचलून राखीव वस्त्यांवर आणि मिशनांमध्ये ठेवलं गेलं. कुठे भाषा बोलायला मनाई, कुठे विधी करायला. सगळीकडे सारखंच झालं नाही, हे मात्र नीट लक्षात ठेवा. आर्नहेम लँडसारख्या दूरच्या भागांत गाणी-नाच बरेच टिकले. सिडनी, ब्रिस्बेन, ॲडलेडच्या आसपासच्या कुटुंबांमध्ये दोन-तीन पिढ्यांत धागे तुटले. पुढच्या गोष्टीत हा फरक महत्त्वाचा आहे.

याच काळात शहरांतल्या रंगमंचांवर काय चाललं होतं? जॉन अँटिल या संगीतकाराने लहानपणी सिडनीजवळच्या ला पेरूज इथे ॲबोरिजिनल लोकांचे नाच पाहिले होते. त्या आठवणींवर त्याने ‘कोरोबोरी’ नावाची संगीतरचना केली. १९४६ मध्ये ती पहिल्यांदा वाजवली गेली, १९५० मध्ये तिच्यावर बॅले झाला. १९५४ मध्ये इंग्लंडची राणी ऑस्ट्रेलियात आली तेव्हा बेथ डीन या नृत्यदिग्दर्शिकेने तो नव्याने बसवला. रंगमंचावर ॲबोरिजिनल विधी, राणी प्रेक्षागृहात, आणि नाचणारे सगळे गोरे. मूळ अमेरिकेच्या बेथ डीन स्वतः त्यात दीक्षा घेणाऱ्या मुलाच्या भूमिकेत नाचल्या.

इथे थांबून एक विचार करा. बेथ डीन यांना कष्ट नव्हते असं कोणी म्हणणार नाही. त्यांनी मध्य ऑस्ट्रेलियात प्रवास केला, नाच पाहिले, टिपणं काढली. आपण ज्याला फील्डवर्क म्हणतो ते केलं. १९५४ च्या मोजमापाने पाहिलं तर माझ्या पहिल्या प्रश्नाला त्यांच्याकडे चांगलं उत्तर मिळालं असतं, कारण हालचालींचं रूप त्यांनी बरंच टिपलं होतं. आणि तरीही त्या रंगमंचावर काहीतरी मुळातच चुकलेलं आहे, हे तुम्हाला आणि मला लगेच दिसतं. ते काय चुकलं, हे शब्दांत मांडणं म्हणजे माझा संशोधनप्रश्न बदलणं होतं.

रेडफर्न, १९७२

२६ जानेवारी १९७२ ला कॅनबेराच्या संसद भवनासमोर चार तरुण एक छत्री रोवून बसले आणि त्यांनी त्या जागेला ‘ॲबोरिजिनल दूतावास’ म्हटलं. आपल्याच देशात आम्हाला परक्यासारखं वागवताय, मग आम्हीही दूतावास उघडतो, असा त्याचा अर्थ. मागणी जमिनीच्या हक्कांची होती. छत्रीच्या जागी तंबू आले आणि देशभरातून माणसं येऊ लागली. त्याच वर्षी सिडनीच्या रेडफर्न या वस्तीत ‘ब्लॅक थिएटर’चं काम सुरू झालं. बॉब मझा हे त्यातले प्रमुख रंगकर्मी.

आणि त्याच वर्षी, मार्चमध्ये, ॲडलेडच्या कला महोत्सवासाठी अमेरिकेहून एलिओ पोमारे यांची नृत्यमंडळी आली. कृष्णवर्णीय नर्तकांची ही मंडळी न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं जगणं रंगमंचावर आणत असे. त्यातली एक नर्तिका होती कॅरोल जॉन्सन. ज्युलियार्ड या नामांकित संस्थेत शिकलेली, आणि नागरी हक्कांची चळवळ जवळून पाहिलेली. दौरा संपल्यावरही त्यांचं ऑस्ट्रेलियाशी नातं सुटलं नाही. त्यांनी रेडफर्नमध्ये तरुणांना आधुनिक नृत्य शिकवायला सुरुवात केली. १९७५ मध्ये ब्लॅक थिएटरमध्ये सहा आठवड्यांचं एक मोठं शिबिर झालं. त्यातून १९७६ मध्ये ॲबोरिजिनल आणि टॉरेस बेटांवरच्या तरुणांसाठी पूर्णवेळ नृत्यशिक्षण सुरू झालं. आज ‘नाइस्डा’ या नावाने ओळखली जाणारी संस्था ती हीच. २००७ मध्ये ती सिडनीहून उत्तरेला सेंट्रल कोस्ट भागात गेली.

जॉन्सन यांच्यापुढे एक पेच होता. त्यांना शिकवता येत होतं ते अमेरिकेतलं आधुनिक नृत्य. शहरातल्या मुलांना ते हवंच होतं, कारण त्यांना व्यावसायिक नर्तक व्हायचं होतं. पण फक्त तेवढंच शिकवलं तर ही एक साधी नृत्यशाळा झाली असती. आणि ॲबोरिजिनल नाच त्या स्वतः शिकवू शकत नव्हत्या. त्यांना तो येत नव्हता म्हणूनच फक्त नाही, त्यांना तो अधिकारच नव्हता. मग मार्ग निघाला तो असा: ज्यांचा नाच, त्यांनाच शिक्षक म्हणून बोलवायचं. आर्नहेम लँडहून, टॉरेस बेटांवरून वडीलधारी माणसं आणि कलाकार शाळेत येऊ लागले, आणि विद्यार्थी त्यांच्या गावी जाऊन राहू लागले.

समजा, तुम्हीच तिथले विद्यार्थी आहात

अठरा वर्षांचे आहात. ब्रिस्बेनच्या एका उपनगरात वाढलात. घरात सगळे इंग्रजी बोलतात. आजीला काही शब्द येतात, पण विचारलं की ती विषय बदलते. टीव्हीवरचे नाच पाहून तुम्ही बैठकीच्या खोलीत नाचायला शिकलात. आता या शाळेत प्रवेश मिळालाय.

सकाळी बॅलेचा तास. दांडीला धरून पाठ ताठ, मान उंच, पाय बाहेरच्या बाजूला वळवलेले. सगळा प्रयत्न जमिनीपासून वर जाण्याचा. नंतर आधुनिक नृत्य. पोट आत ओढून पाठीची कमान करायची, श्वासाबरोबर सोडायची, जमिनीवर पडायचं आणि उठायचं. दुपारी उत्तरेहून आलेले शिक्षक. ते फारसं समजावून सांगत नाहीत. स्वतः नाचतात, तुम्ही मागे नाचायचं. गुडघे सैल, वजन खाली, टाच जमिनीत. सकाळी जे शरीर वर खेचलं तेच आता खाली सोडायचं. एकाच दिवसात एकाच शरीराला दोन व्याकरणं.

मग गावी राहायला जाण्याची वेळ येते. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा नाच मिळत नाही, नातं मिळतं. योलंगूंमध्ये पाहुण्याला नात्यांच्या व्यवस्थेत कुठेतरी बसवल्याशिवाय त्याच्याशी कसं बोलायचं, कोणी त्याला काय शिकवायचं, हेच ठरत नाही. म्हणून तुम्हाला कोणाची तरी मुलगी, कोणाचा तरी भाऊ करून घेतात. त्या नात्याबरोबर कर्तव्यंही येतात. मासे पकडणं, लहान मुलांना सांभाळणं, गप्प बसून ऐकणं. नाच या सगळ्याच्या मधे कधीतरी येतो.

वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात तुम्ही तो नाच शिक्षकांबरोबर सादर करता. टाळ्या पडतात. आता तुमच्या मनात येतं, आपण स्वतःची रचना करावी आणि त्यात हा नाच घालावा. करता येईल? नाही. तुम्हाला तो शिकवला आहे, दिलेला नाही. पुन्हा विचारावं लागेल. आणि स्वतःच्या पणजोबांच्या जमिनीचा नाच करायचा असेल तर? तो कदाचित कोणालाच आठवत नसेल. मग त्या आजीकडे परत जायचं, जी विषय बदलते.

या विद्यार्थ्याची महत्त्वाकांक्षा समजून घ्या. त्याला उत्तम नर्तक व्हायचंय, स्वतःचं काहीतरी घडवायचंय, जगभर दौरे करायचेत. आपल्यापैकी कोणालाही असतं तसंच. फक्त त्याच्या ‘स्वतःचं’ या शब्दावर अनेकांचा हक्क आहे.

स्टीफन पेज

ब्रिस्बेनच्या मुलाचं उदाहरण मी उगाच नाही घेतलं. स्टीफन पेज यांचा जन्म १९६५ मध्ये ब्रिस्बेनमध्ये झाला. आग्नेय क्वीन्सलँडच्या नुनुकुल लोकांशी आणि युगंबे राष्ट्राच्या मुनल्जाली कुळाशी त्यांचं नातं. बारा भावंडांचं कुटुंब. वडिलांच्या पिढीला आपली भाषा मोकळेपणाने बोलता आली नव्हती. किशोरवयात ते सिडनीला जॉन्सन यांच्या शाळेत आले आणि १९८३ मध्ये शिक्षण पूर्ण करून सिडनी डान्स कंपनीत नाचू लागले. देशातल्या अग्रगण्य मंडळींपैकी ती एक होती. साध्या अर्थाने स्वप्न तिथेच पूर्ण झालं होतं.

१९८९ मध्ये जॉन्सन यांनी रॉब ब्रायंट आणि शेरिल स्टोन यांच्याबरोबर ‘बंगारा’ ही व्यावसायिक नृत्यसंस्था स्थापन केली. बंगारा हा विराजुरी भाषेतला शब्द, अर्थ अग्नी पेटवणं. १९९१ मध्ये पेज तिचे कलादिग्दर्शक झाले. वय विशीतलंच. एक भाऊ डेव्हिड संगीत करायचे, दुसरे रसेल नाचायचे.

त्यांच्या ‘ओकर्स’ या १९९४ च्या रचनेत, जी त्यांनी बर्नडेट वॉलाँग यांच्याबरोबर केली, मातीचे चार रंग आहेत: पिवळा, काळा, लाल, पांढरा. सुरुवातीला रंगमंचावर एकच माणूस येतो आणि अंगाला गेरू लावू लागतो. घाई नाही. हा माणूस म्हणजे जाकापुरा मुन्यारयुन, आर्नहेम लँडचे योलंगू गायक आणि नर्तक. त्यांनी सिडनीतल्या विद्यार्थ्यांना शिकवलं होतं, आणि बंगाराचे ते सांस्कृतिक सल्लागारही होते. त्यांच्यानंतर जे नर्तक येतात त्यांच्या शरीरात सकाळचा तास आणि दुपारचा तास दोन्ही दिसतात.

‘सल्लागार’ हा शब्द आपल्याकडे श्रेयनामावलीच्या तळाशी असतो. इथे तो माणूस सगळ्यात आधी रंगमंचावर येतो. ज्या गावांकडून गोष्टी घेतल्या तिथे जाऊन ती रचना त्यांना दाखवायची, हीही बंगाराच्या कामाची रीत झाली. तिथले वडीलधारे लोक म्हणजे पहिले परीक्षक.

१९९७ मध्ये बंगारा आणि ऑस्ट्रेलियन बॅले यांनी मिळून ‘राइट्स’ केलं, स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या संगीतावर. १९५४ आठवतंय ना? तेव्हा बॅलेने ॲबोरिजिनल विधी उचलला होता. आता युरोपातलं, काल्पनिक विधीवर रचलेलं संगीत ॲबोरिजिनल दिग्दर्शकाच्या हातात होतं आणि दोन्ही परंपरांचे नर्तक एका रंगमंचावर होते. १५ सप्टेंबर २००० ला सिडनी ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. त्यातला ‘अवेकनिंग’ हा भाग पेज यांनी रोडा रॉबर्ट्स यांच्यासह उभा केला. वेगवेगळ्या भागांतले शेकडो लोक त्यात आपापले नाच घेऊन आले होते.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. रसेल पेज २००२ मध्ये आणि डेव्हिड पेज २०१६ मध्ये वारले. अनेक ॲबोरिजिनल समाजांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ उच्चारत नाहीत, त्याचं चित्रही दाखवत नाहीत. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या चित्रपटांच्या आणि पुस्तकांच्या सुरुवातीला तशी सूचना असते. मी ही नावं लिहिली कारण ती सार्वजनिकरीत्या घेतली जातात. बंगारात नव्या पदवीधरांसाठी असलेला कार्यक्रम रसेल पेज यांच्याच नावाने आहे. पण लिहिण्याआधी हे तपासावं लागतं, हे मला आधी माहीतच नव्हतं. संदर्भसूची करताना आपण नाव फक्त टंकतो.

फ्रान्सिस रिंग्ज

दुसरी नर्तिका पुढच्या पिढीची. फ्रान्सिस रिंग्ज यांचं नातं दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या विरांगू आणि मिर्निंग लोकांशी, आणि एका बाजूने जर्मन. १९९२ मध्ये नाइस्डामधून बाहेर पडल्या, १९९३ मध्ये बंगारात आल्या. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला ॲल्विन एली यांच्या नृत्यशाळेत शिकून आल्या. जॉन्सन ज्या कृष्णवर्णीय अमेरिकन परंपरेतून आल्या, तिच्याशी या शाळेतून निघालेली मुलगी अशी जोडली गेली.

बरीच वर्षं नाचल्यावर त्या स्वतः रचना करू लागल्या. २०१२ मधली त्यांची ‘टेरेन’ ही रचना काटी थांडा–लेक आयर या सरोवरावर आहे. ऑस्ट्रेलियातलं हे सगळ्यात मोठं सरोवर. त्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १५ मीटर खाली आहे, एरवी मीठ आणि कोरडेपणा, आणि काठोकाठ भरतं ते शतकात मोजक्याच वेळा. सरोवर अराबाना लोकांचं. रिंग्ज अराबाना नाहीत. म्हणून त्या अराबाना समाजाचे वडीलधारे रेजिनाल्ड डॉड यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्या सल्ल्याने रचना झाली. त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयाने तिथल्या जमिनीवरचा अराबाना लोकांचा पारंपरिक हक्क मान्य केला. न्यायालयात दावा मांडणाऱ्यांत डॉड होते. म्हणजे ‘हा नाच करू का?’ हे ज्या माणसाला विचारलं, तोच माणूस ‘ही जमीन कोणाची?’ याचं उत्तर मिळवण्यासाठी लढत होता. दोन्ही प्रश्न एकच आहेत, हे मला या तारखेमुळे कळलं.

२०२३ मध्ये रिंग्ज बंगाराच्या कलादिग्दर्शक झाल्या आणि त्यांनी पहिली रचना केली ‘युल्डिया’. विज्ञानवाल्यांनी ही गोष्ट जरा लक्ष देऊन वाचा. नलारबॉर पठाराच्या कडेला, वाळवंटात, ऊल्डिया नावाचा एक पाणझरा होता. वाळूखाली चिकणमातीचा थर आणि त्या थरावर तोललेलं गोडं पाणी. आजूबाजूचं भूजल खारं. हे पाणी कायम असल्यामुळे शेकडो किलोमीटरवरून लोक तिथे जमायचे, व्यापार आणि विधी व्हायचे. १७ ऑक्टोबर १९१७ ला खंड ओलांडणाऱ्या रेल्वेचे दोन्ही बाजूंनी येणारे रूळ ऊल्डियापाशीच जुळले. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं, म्हणून विहिरी आणि कूपनलिका खोदल्या. चिकणमातीचा थर फुटला आणि १९२६ पर्यंत झरा कामातून गेला. १९३३ पासून तिथे असलेलं मिशन १९५२ मध्ये बंद झालं, लोकांना हलवलं. १९५६ ते १९६३ या काळात उत्तरेला मरालिंगा इथे ब्रिटिशांनी अणुचाचण्या केल्या.

थर कुठे आहे आणि तो का फोडायचा नाही, हे ज्ञान तिथल्या लोकांकडे होतं. पाणी उपसताना किती हात लावायचा याचे नियम गोष्टींमध्ये, गाण्यांमध्ये, विधींमध्ये होते. अभियंत्यांकडे नकाशा होता, यंत्र होतं. विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही. ‘युल्डिया’ करण्याआधी रिंग्ज आज यलाटा इथे राहणाऱ्या अनंगू लोकांशी बोलल्या. शाळेत अठराव्या वर्षी गिरवलेला तोच पाठ: आधी जायचं, नातं जोडायचं, विचारायचं, मग नाचायचं.

कायदा आणि विदा

आता तुमच्या कामाकडे येते. कॉपीराइटचा कायदा एका लेखकाला, एका कलाकाराला ओळखतो. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयापुढे एक खटला आला. गनालबिंगू लोकांमधल्या एका चित्रकाराचं पाणवठ्याचं चित्र न विचारता कापडावर छापून विकलं गेलं होतं. ते चित्र आमच्या सगळ्यांचं आहे, असं कुळाचं म्हणणं. कुळाला कॉपीराइटचा मालक मानता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पण चित्रकारावर कुळाच्या हिताची विश्वस्तासारखी जबाबदारी आहे, हे मान्य केलं. आपण वर पाहिलेला नर्तक नेमका याच जागी उभा असतो. नाच त्याच्या शरीरात असतो, पण तो त्याचा एकट्याचा नसतो.

विज्ञानाच्या बाजूला आपण विदा खुली, शोधता येईल अशी, पुन्हा वापरता येईल अशी ठेवा असं शिकतो. ‘फेअर’ नावाची तत्त्वं २०१६ पासून सगळे वापरतात. २०१९ मध्ये मूलनिवासी संशोधकांनी त्याला ‘केअर’ तत्त्वांची जोड दिली: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी, नीती. विदा सापडली की झालं असं नाही, तिच्यावर निर्णय कोणाचा, हे आधी विचारा, असं त्यांचं म्हणणं. कॅनबेराची ‘आयॅटसिस’ ही संस्था ॲबोरिजिनल आणि टॉरेस बेटवासी समाजांविषयीच्या अभ्यासाचं मुख्य केंद्र आहे. तिच्याकडे जुन्या ध्वनिमुद्रणांचा आणि चित्रफितींचा प्रचंड साठा आहे, पण त्यातलं सगळं सगळ्यांना पाहता येत नाही. काही फक्त पुरुषांसाठी, काही फक्त स्त्रियांसाठी, काहींसाठी त्या समाजाची परवानगी लागते. या संस्थेची २०२० ची संशोधन-नीती संहिता आराखडा लिहिण्यापूर्वी एकदा वाचाच, विषय कुठलाही असो.

एक व्यवहाराची गोष्ट सांगते. आपण वेळापत्रकात साहित्याचा आढावा सहा महिने, फील्डवर्क आठ महिने असं लिहितो. परवानगी ‘संमतिपत्र भरून घेणे’ एवढ्या एका ओळीत संपते. बंगाराच्या कामात परवानगी हाच मोठा भाग असतो. तिला वेळ लागतो, ती एकदा मिळाली की कायमची मिळाली असं नसतं, आणि ‘नाही’ हे उत्तरही पूर्ण उत्तर असतं. माझ्या नव्या आराखड्यात त्यासाठी वेगळे महिने धरलेत. संशोधन समितीत एकांनी विचारलं, ‘आणि त्यांनी नाही म्हटलं तर?’ मी म्हटलं, मग ते प्रकरण लिहायचं नाही. तोंडाने म्हणताना सोपं वाटलं. घरी आल्यावर पोटात गोळा आला, कारण शिष्यवृत्तीची मुदत कोणासाठी थांबत नाही.

माझा नवा प्रश्न असा आहे: ‘१९७५ नंतर सिडनीत घडलेल्या नर्तकांनी नाच शिकण्याची, करण्याची आणि रचण्याची परवानगी कोणाकडून, कशी मिळवली, आणि त्याने त्यांच्या रचना कशा घडल्या?’ किती टिकलं, हे मी आता मोजत नाही. बाईंनी नवा मसुदा वाचून यावेळी समासात काही लिहिलं नाही, फक्त ‘परवानगी’ या शब्दाखाली रेघ ओढली.

तुम्ही एवढं करा. तुमचा संशोधनप्रश्न एका कागदावर लिहा. त्यातल्या ज्या माहितीवर तुमचं काम उभं राहणार आहे, मग ती मुलाखत असो, बियाणं असो, रक्ताचा नमुना असो की एखादं औषधी झाड, तिच्यापुढे ‘कोणाचं?’ असं लिहा. त्या माणसांपर्यंत जायला किती दिवस लागतील ते मोजा. मग वेळापत्रक करायला घ्या.